जिभेची गाठ

माझी धाकटी बहीण काय करते, असं कुणी विचारलं की अम्मी आजही क्षणभर थांबते. मग म्हणते, "बोलने की डॉक्टर है." समोरची बाई विचारते, "मतलब? इंजेक्शन देती?" अम्मी मान हलवते. "नै, बातां करवाती." यावर समोरच्या बाईचा चेहरा पाहण्यासारखा होतो. नुसत्या बातां करवायला शिकण्यासाठी मुलीला सहा वर्षं मुंबईत ठेवली, हे तिला पटत नाही.

खरं सांगायचं तर बरीच वर्षं मलाही ते नीटसं पटलेलं नव्हतं. मी सोलापूरच्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. बी.ए., बी.एड. आहे. बोलायला शिकवणं हे माझंच काम, अशी माझी समजूत. मुलांचे उच्चार सुधारायचे, वाचन घ्यायचं, तक़रीर बसवून द्यायची. यात वेगळं शास्त्र ते काय असणार? ही समजूत कशी मोडली, ते मला आज सांगायचं आहे. त्यात माझी एक मोठी चूक आहे. ती झाकून हे लिहिता येणार नाही.

छोटी बारावी सायन्स झाली ते साल २०१३. मेडिकलला जाण्याइतके गुण नव्हते. तेव्हा तिच्या कॉलेजातल्या एका सरांनी स्पीच थेरपीच्या पदवीबद्दल सांगितलं. अब्बा चादरीच्या कारखान्यात हिशेब लिहायचे. त्यांनी दोन दिवसांची रजा टाकली आणि सिद्धेश्वर एक्सप्रेसने तिला घेऊन मुंबईला गेले. वांद्रे रेक्लमेशनला वाचा आणि श्रवणदोषांवर काम करणारी केंद्र सरकारची राष्ट्रीय संस्था आहे. तिला नाव आहे अली यावर जंग यांचं. ते मूळचे हैदराबादचे. उस्मानिया आणि अलीगढ या दोन्ही विद्यापीठांचे ते कुलगुरू होते. पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल झाले आणि १९७६ मध्ये त्या पदावर असतानाच वारले. ही संस्था १९८३ मध्ये निघाली. अब्बांना यातलं बरंचसं ठाऊक होतं. पाटीसमोर उभे राहून ते छोटीला म्हणाले, "देख, नाम अपने तरफ का है." छोटीला प्रवेश मिळाला तो मुंबईतल्याच दुसऱ्या एका कॉलेजात. पण अब्बांची भीड चेपली ती त्या पाटीने.

पदवी चार वर्षांची. तीन वर्षं वर्ग आणि क्लिनिक, चौथं वर्ष इंटर्नशिप. ऐकणं आणि बोलणं या दोन्हींचं शिक्षण या पदवीत एकत्र दिलं जातं. याचं कारण छोटीने मला पहिल्याच सुट्टीत सांगितलं. मूल बोलत नसेल तर आधी ते ऐकतं का, हे तपासायचं. जे कानावर पडलंच नाही ते जिभेवर येणार कुठून? पदवीनंतर भारतीय पुनर्वसन परिषदेकडे नाव नोंदवावं लागतं. १९९२ च्या कायद्याने ही नोंदणी आली. नोंदणीशिवाय हा व्यवसाय करता येत नाही. त्यापुढे दोन वर्षांची मास्टर्स. छोटीने तीही केली, २०१७ ते २०१९.

तिची पुस्तकं मी चाळायची. घशाच्या स्नायूंची चित्रं, मेंदूच्या नसांचे नकाशे, ध्वनिलहरींचे आलेख, मानसशास्त्र, भाषाशास्त्र, संख्याशास्त्र. मी थट्टेने म्हणायची, "एक 'र' म्हणायला शिकवायला एवढं?" ती हसायची. मग एकदा तिने मला तिची क्लिनिकची फाइल दाखवली आणि माझी थट्टा थांबली.

बी.एड.ला आम्ही पाठाचं टाचण काढायचो. मी बी.एड. केलं २०१० मध्ये. तेव्हा ते एका वर्षाचं होतं, २०१५ पासून दोन वर्षांचं झालं. टाचणात दोन रकाने असायचे, शिक्षक कृती आणि विद्यार्थी कृती. आपण कोणता प्रश्न विचारणार ते पहिल्या रकान्यात, आणि मुलं काय उत्तर देणार ते दुसऱ्या रकान्यात. मुलं अजून समोर आलेली नसायची, पण त्यांची उत्तरं आदल्या रात्री आम्हीच लिहून मोकळे व्हायचो. सराव पाठाला निरीक्षक मागे बसायचे. मुलांनी टाचणातली उत्तरं दिली की पाठ चांगला झाला.

छोटीच्या फाइलमध्येही तक्ते होते. पण मुलाचा रकाना कोरा ठेवलेला होता आणि तो सत्र चालू असताना भरला जायचा. मूल काय बोललं, कोणता आवाज कोणत्या शब्दात चुकला, शब्दाच्या सुरुवातीला चुकला की मध्ये, किती वेळा, किती सेकंद थांबलं, थांबताना डोळे मिटले का. पहिल्या काही महिन्यांत तर तिला बोलायचीच परवानगी नव्हती. नुसतं बसून पाहायचं आणि लिहायचं. मग मॅडमच्या देखरेखीखाली थोडं थोडं करायचं. मग एकटीने, पण मॅडम कधी येऊन मागे उभ्या राहतील याचा नेम नाही. मास्टर्सला तर प्रत्येक पायरीला प्रश्न. हीच चाचणी का घेतली? हाच व्यायाम का? आधार कोणता? "आपा, तुमच्याकडे मुलाची परीक्षा असते, आमच्याकडे रोज आमचीच," असं ती म्हणाली होती.

२०१८ च्या पावसाळ्यात तिचा मला फोन आला. क्लिनिकमध्ये पाच वर्षांचा एक मुलगा आला होता. घरची भाषा दखनी. आईवडील कामासाठी मराठवाड्यातून मुंबईला आलेले. मुलगा 'काम'ला 'ताम' म्हणायचा, 'किताब'ला 'तिताब'. आणि 'क़लम'ला 'ख़लम'. छोटीने तिन्ही शब्दांपुढे चुकीची खूण केली होती. तिच्या मॅडम केरळच्या, त्यांना उर्दू येत नव्हतं. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "या मुलाची आई हा शब्द कसा म्हणते?"

छोटी बाहेर जाऊन आईशी बोलत बसली. आई 'ख़लम'च म्हणत होती. 'वक़्त'ला 'वख़त' म्हणत होती. आपल्याकडे, हैदराबादपासून सोलापूरपर्यंत, क़ाफ़चा 'ख़' होतो, हे मला का कुणी सांगायला हवं? आमच्या घरातही तेच. छोटीने फोन केला तो खात्री करून घ्यायला. "आपा, तुमच्या वर्गात मुलं क़ाफ़ कसा म्हणतात?"

मी म्हटलं, "सगळी चुकीचाच म्हणतात. दहातला एक बरोबर म्हणत असेल. क़ब्रला ख़बर म्हणतात. मी रोज दुरुस्त करते."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "सगळेच चुकतात, तर मग ती चूक कशी?"

त्या मुलाच्या बाबतीत 'ताम' हा दोष होता. 'क'साठी जिभेचा मागचा भाग उचलायचा, तर तो पुढचा उचलत होता. अगदी लहान मुलं असं करतात, पण पाच वर्षांपर्यंत ते जायला हवं. त्यावर उपचार करायचे. 'ख़लम' हा दोष नव्हता. ती त्याच्या आईची बोली होती. त्याला हात लावायचा नाही. फरक वेगळा आणि विकार वेगळा. हे ओळखता आलं नाही तर थेरपिस्ट निरोगी मुलाला रुग्ण ठरवेल, नाहीतर रुग्णाला निरोगी म्हणून घरी पाठवेल. छोटी म्हणाली की हे ओळखण्यासाठीच तर सगळं शिक्षण आहे.

इथं उर्दूच्या शिक्षिकेने बिथरायला हवं होतं, आणि मी बिथरले. वर्गात प्रमाण उर्दू शिकवायची नाही का? शिकवायची, छोटी म्हणाली. लेखनात, तक़रीरमध्ये जरूर शिकवा. पण मुलाच्या आईची जबान चुकीची आहे असं सांगून नका शिकवू. मग तिने मला विचारलं, "ज़ाल, ज़े, ज़ाद, ज़ोय, ही चार अक्षरं तुम्ही चार वेगळ्या आवाजांनी म्हणता का?" मी हसले. उर्दूत चारही 'ज़'च. मराठीवाले 'षटकोन' आणि 'शहर' यांतला पहिला आवाज असाच सारखा म्हणतात. अक्षर वेगळं, आवाज वेगळा. मी सात-आठ वर्षं अक्षरं शिकवत होते. आवाज मी कधी ऐकलाच नव्हता.

तिच्या क्लिनिकमध्ये येणाऱ्या आयांची आणखी एक गोष्ट तिने सांगितली. मूल उशिरा बोलायला लागलं की आसपासचे शहाणे लोक सांगतात, घरात दोन-तीन भाषा आहेत म्हणून झालं, आता फक्त इंग्रजी बोला. आई बिचारी मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलायला लागते, म्हणजे जवळजवळ बोलणंच बंद करते. दोन भाषांमुळे मुलाला वाचादोष होतो, याला आधार नाही. ज्या भाषेत आई रागावते, लाड करते, गोष्ट सांगते, ती भाषा घरातून काढून घेतली तर मुलाने बोलायचं कुणाशी? हे मी मुद्दाम लिहिते आहे. घरात दखनी किंवा कोकणी, गल्लीत मराठी, शाळेत उर्दू किंवा इंग्रजी, अशी आपली निम्मी घरं आहेत.

आता माझ्या चुकीकडे येते.

त्याच वर्षी माझ्या सहावीच्या वर्गात एक मुलगा होता. त्याचं नाव लिहीत नाही. वडील यंत्रमागावर कामाला. मुलगा हुशार, अक्षर मोत्यासारखं. पण उभं करून प्रश्न विचारला की म्हणायचा, "याद नहीं, टीचर." वाचायला सांगितलं की पहिल्याच शब्दावर थांबायचा. ओठ घट्ट मिटलेले, मान एका बाजूला झटकलेली, आणि आवाज नाही. मी पाच-सात सेकंद वाट पाहायची आणि पुढच्या मुलाला उभं करायची. कधी त्याचा शब्द मीच पूर्ण करून टाकायची. मला ती मदत वाटायची.

एके दिवशी शाळेत जलसा होता. या मुलाने चार मुलांसोबत नातशरीफ म्हटली. आवाज गोड, एकदाही अडखळला नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात तो पुन्हा पहिल्या शब्दावर थांबला, तेव्हा माझा तोल गेला. मी म्हटलं, "कल तो ज़बान बराबर चल रही थी. आज नाटक?" वर्ग हसला. तो बसला. त्यानंतर वर्षअखेरपर्यंत तो माझ्या तासाला स्वतःहून एक शब्दही बोलला नाही. आकारिक मूल्यमापनात 'तोंडी काम' असा एक भाग असतो. त्यात मी त्याला सगळ्यात कमी गुण दिले.

दिवाळीच्या सुट्टीत छोटी घरी आली तेव्हा मी हे तिला तक्रार म्हणून सांगितलं. मुलं कशी नाटकं करतात याचा नमुना म्हणून. तिने ऐकून घेतलं. रागावली नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "आपा, माझ्यासोबत एस.टी. स्टँडवर चला. मला एक असाइनमेंट पूर्ण करायची आहे."

स्टँडवर ती चौकशीच्या खिडकीशी गेली. मी शेजारी उभी. तिने विचारलं, "तु-तु-तु-" आणि थांबली. ओठ ताणलेले, डोळे अर्धवट मिटलेले. "तु-तुळजा-" आतला माणूस वर पाहू लागला. मागच्या रांगेतला एक पोरगा हसला. एका बाईने कीव आल्यासारखी मान हलवली. खिडकीतला माणूस म्हणाला, "तुळजापूर? पाच नंबर." तिला तुळजापूरची गाडी कुठं लागते ते नव्हे, शेवटची गाडी किती वाजता आहे ते विचारायचं होतं. ती पुन्हा सुरू झाली. "शे-शे-" आणि मला सहन होईना. मीच म्हणून टाकलं, "शेवटची गाडी किती वाजता, असं विचारतेय ती."

बाहेर आल्यावर ती नीट बोलायला लागली. तोतरेपणाच्या विषयाला विद्यार्थ्यांना असं करायला लावतात. चारचौघांत जाऊन मुद्दाम अडखळायचं, लोक काय करतात ते पाहायचं आणि आपल्याला आत काय होतं ते लिहायचं. पुस्तकात वाचून ते कळत नाही. तिने वहीत लिहिलं, ते मी वाचलं. हसणाऱ्या पोराबद्दल एक ओळ होती. खिडकीतल्या माणसाबद्दल एक. माझ्याबद्दल चार होत्या. मी तिचा शब्द तोंडातून काढून घेतला तेव्हा, तिने लिहिलं होतं, ती तिथं नाहीच असं तिला वाटलं. आणि मी तिची सख्खी बहीण.

त्या रात्री तिने मला जे समजावलं ते मी बी.एड.ला शिकायला हवं होतं. अडखळणारी माणसं गाताना सहसा अडखळत नाहीत. दुसऱ्यांच्या सुरात सूर मिसळून म्हणतानाही नाही. म्हणून नातशरीफ सरळ गेली. त्यात नाटक काही नव्हतं, तो त्या विकाराचा स्वभावच आहे. 'याद नहीं' हे उत्तर विसरल्याचं नव्हतं. अवघड शब्द टाळून सोपा शब्द बोलण्याची ती युक्ती होती. शंभरातली पाचेक मुलं लहानपणी कधी ना कधी अडखळतात. बहुतेकांचं आपोआप जातं, शंभरात एखाद्याचं राहतं. अकराव्या वर्षापर्यंत राहिलं तर ते सहसा आपोआप जात नाही. मुलींपेक्षा मुलांमध्ये ते जास्त राहतं. आणि ते भित्रेपणामुळे किंवा आईबापांच्या चुकीमुळे होत नाही. भीती नंतर येते, आमच्यासारख्यांमुळे.

मग तिने एक गोष्ट सांगितली. पदव्युत्तर अभ्यासक्रमात ती नीतीच्या तासाला शिकवतात. १९३९ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यात मेरी ट्यूडर नावाची एक विद्यार्थिनी होती. छोटीसारखीच मास्टर्स करणारी. तिचे मार्गदर्शक वेंडेल जॉन्सन हे या विषयातले मोठे नाव. ते स्वतः अडखळत बोलायचे. त्यांचं मत असं की टोकण्यामुळे मूल तोतरं होतं. ते तपासायला डेव्हनपोर्टच्या अनाथाश्रमातली २२ मुलं घेतली. त्यातल्या चांगलं बोलणाऱ्या काही मुलांना मुद्दाम सांगितलं गेलं की तुमच्या बोलण्यात दोष आहे, नीट बोलता येत नसेल तर बोलू नका. ती मुलं खरोखर तोतरी झाली, असं नंतरच्या अभ्यासकांना काही दिसलं नाही. पण ती गप्प झाली. बोलायला घाबरू लागली. तो प्रबंध छापला गेला नाही. २००१ मध्ये वर्तमानपत्राने हे बाहेर काढलं, तेव्हा विद्यापीठाने माफी मागितली. २००७ मध्ये राज्याने काहींना भरपाई दिली. तोवर ती मुलं म्हातारी झाली होती.

छोटीने हे माझ्याकडे पाहून सांगितलं नाही. ती मेथी निवडत होती. पण त्या अनाथाश्रमात निदान प्रयोग तरी चालू होता. माझ्या वर्गात तर मी रोजचा तास घेत होते.

सुट्टीनंतर मी त्या मुलाच्या वडिलांना बोलावलं. छोटीने बजावलं होतं की उपचाराचं आश्वासन द्यायचं नाही, नीट तपासणीसाठी पाठवायचं. शहरातल्या एका दवाखान्यात थेरपिस्ट होती. वडिलांची मजुरी कामावर, खाडा पडला की त्या दिवसाचे पैसे गेले. तरी ते नऊ वेळा त्याला घेऊन गेले. मग त्या थेरपिस्टचं कंत्राट संपलं आणि जागा बरेच महिने रिकामी राहिली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारचं अपंगत्व धरलं आहे. त्यात वाचा आणि भाषा आहे, पण व्याख्या आहे ती स्वरयंत्र काढून टाकल्यामुळे किंवा मेंदूच्या आजारामुळे आलेल्या कायमच्या दोषाची. या मुलासारखा मुलगा त्यात सहज बसत नाही. म्हणजे त्याच्याकडे प्रमाणपत्रही नाही आणि थेरपिस्टही नाही. उरला माझा वर्ग.

मी छोटीला विचारून काही गोष्टी बदलल्या. हजेरी क्रमांकाने उभं करणं बंद केलं, कारण आपली पाळी जवळ येताना मोजत बसणं हीच अर्धी शिक्षा असते. वाचन आधी जोडीने, मग एकट्याने. तो बोलत असताना त्याच्या डोळ्यांकडे पाहायचं, घड्याळाकडे नाही. 'आराम से बोल', 'गहरी साँस ले' असलं काही सांगायचं नाही. शब्द पूर्ण करायचा नाही, कितीही वेळ लागो. शेवटची गोष्ट सगळ्यात कठीण. वर्गात पंचेचाळीस मुलं, चाळीस मिनिटांचा तास आणि एका शब्दावर वीस सेकंद. ही वीस सेकंदं केवढी लांब असतात ते तुम्ही एकदा घड्याळ लावून पाहा.

आणि एके दिवशी मधल्या सुट्टीत मी त्याला बोलावून सांगितलं की जलशानंतर मी जे बोलले ते चूक होतं. तो काही बोलला नाही. पण तोंडी कामाचे त्याचे गुण मी त्या सत्रात बदलले.

तो बरा झाला, असं लिहायला मला आवडलं असतं. तो आजही अडखळतो. छोटी म्हणते, न अडखळणं हेच ध्येय धरलं तर माणूस आयुष्यभर हरत राहतो. या शास्त्रातले एक थोर शिक्षक चार्ल्स व्हॅन रायपर स्वतः अडखळायचे. त्यांनी शिकवलं ते सहज, ताण न घेता अडखळायला. अडकलेल्या शब्दातून धक्का न देता हळूच बाहेर पडायला. आपल्या समाजात मात्र दोनच गोष्टी ठाऊक असतात, एक तर दम करून आणलेलं पाणी, नाहीतर 'बड़ा होके ठीक हो जाएगा'.

मास्टर्सच्या दुसऱ्या वर्षी छोटीची नेमणूक रुग्णालयात होती. मला वाटायचं थेरपिस्ट म्हणजे लहान मुलं. तिथं तिच्यासमोर अर्धांगवायूचे रुग्ण होते. कुणाला घोट गिळता येत नाही, पाणी श्वासनळीत जातं. ते तपासणं, कसं भरवायचं ते घरच्यांना शिकवणं, हेही याच लोकांचं काम. एक बुजुर्ग होते, त्यांना मुलाचं नाव घेता येत नव्हतं, पाणी हा शब्द सापडत नव्हता. पण बिस्मिल्लाह स्पष्ट म्हणायचे, एक ते दहा मोजायचे. घरचे चिडायचे, की हे येतं मग ते का नाही? छोटीने त्यांना समजावलं. वर्षानुवर्षं घोटलेलं बोलणं जिभेवर आपसूक येतं, मेंदूला इजा झाली तरी बऱ्याचदा ते टिकतं. नवा शब्द शोधून काढणं ही वेगळी गोष्ट. मला माझी नातशरीफ आठवली. मीही चिडणाऱ्या घरच्यांपैकीच होते.

तोंडी परीक्षेआधी आम्ही मुलांना हजरत मूसा (अलै.) यांची दुआ म्हणायला लावतो. जिभेची गाठ सुटावी म्हणून केलेली. मीही ती कित्येक वर्षं म्हणवून घेतली, मुलांनी फाडफाड बोलावं म्हणून. नंतर कधीतरी माझ्या लक्षात आलं की ती दुआ गाठ सुटण्यावर संपत नाही. ऐकणाऱ्यांना आपलं बोलणं समजावं, इथं ती संपते. ऐकणाऱ्यांचाही त्यात वाटा आहे. आणि पैगंबरीचं काम गाठ असलेल्या जिभेवरच सोपवलं गेलं होतं.

२०२३ च्या जूनमध्ये तो मुलगा दहावीचा दाखला न्यायला शाळेत आला. मिशी फुटलेली, उंची माझ्यापेक्षा जास्त. कार्यालयात क्लार्कने नाव विचारलं. आपलं नाव टाळून दुसरा शब्द वापरता येत नाही, म्हणून अडखळणाऱ्यांना तेच सगळ्यात जड जातं. तो अडकला. क्लार्क सज्जन माणूस, त्याने कागद पुढे सरकवला, "लिख दे बेटा." मी दारात होते. नाव माझ्या ओठांवर आलं होतं. त्याने कागद बाजूला केला आणि अडखळत, पण मान न झटकता, वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव सांगितलं. मग माझ्याकडे वळून सलाम केला.

यंदा बी.एड.ची एक विद्यार्थिनी इंटर्नशिपसाठी माझ्या वर्गावर आहे. हुशार आहे, टाचण नेटकं काढते. परवा तिने प्रश्न विचारला. मुलगी उभी राहिली, दोन क्षण गप्प राहिली, आणि हिने उत्तर स्वतःच सांगून टाकलं. टाचणातल्या दुसऱ्या रकान्यात होतं तेच. मी मागच्या बाकावर बसले होते. तास संपल्यावर निरीक्षणवहीत मी तिच्या फळ्याच्या कामाची तारीफ केली. खाली लिहिलं, "उत्तरासाठी थांबा." तिने वाचून विचारलं, "किती वेळ, मॅडम?"

मी म्हटलं, रात्री माझ्या बहिणीला फोन लावून देते, तिलाच विचार.